चौतीस वर्षांनंतरची क्षमायाचना

२० डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या महापौर मिशेल वू यांनी ॲलन स्वॉन्सन आणि विली बेनेट या दोन कृष्णवर्णीय नागरिकांची, बेनेट यांच्या कुटुंबीयांची आणि शहरातील कृष्णवर्णीय समाजाची जाहीर माफी मागितली. स्वॉन्सन स्वतः हजर होते; बेनेट यांच्या वतीने त्यांचे आप्त आले होते. १९८९ साली एका खुनाच्या तपासात पोलिसांनी या दोघांवर संशयाचा शिक्का मारला होता. तो संशय निराधार असल्याचे १९९० च्या जानेवारीतच सिद्ध झाले होते. म्हणजे सत्य कळायला अडीच महिने लागले आणि ते सत्य शासनाच्या तोंडून पश्चात्तापाच्या रूपाने बाहेर पडायला जवळजवळ चौतीस वर्षे. राज्यसंस्था सहसा आपला अपराध कबूल करीत नाही. ती चौकशी समिती नेमते, अहवाल स्वीकारते आणि काळावर विसंबून राहते. त्या दृष्टीने ही घटना स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु स्वागत करून थांबता येणार नाही. माफीने नेमके काय मिटते आणि काय मिटत नाही, याचा विचार करण्यासाठी या प्रकरणाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रकरण असे घडले. २३ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने आपल्या मोटारीतील टेलिफोनवरून पोलिसांना खबर दिली की, आपल्याला व आपल्या पत्नीला गोळ्या घालण्यात आल्या आहेत. पत्नी कॅरल गर्भवती होती. व्यवसायाने वकील होती. दोघे एका इस्पितळातील प्रसूतिपूर्व शिकवणीचा वर्ग आटोपून घरी निघाले होते. कॅरलचा मृत्यू झाला. शस्त्रक्रिया करून अकाली जन्माला आणलेले मूल सतरा दिवस जगले. स्टुअर्ट जबर जखमी झाला होता, पण वाचला. त्याने सांगितले की, घोगऱ्या आवाजाचा, लाल पट्ट्यांचा काळा जॉगिंग सूट घातलेला एक काळा इसम मोटारीत घुसला, त्याने आपल्याला मिशन हिल भागात न्यायला लावले, लुटले आणि गोळ्या झाडल्या. त्या रात्री दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाचे छायाचित्रकार रुग्णवाहिकेच्या पथकाबरोबर फिरत होते. त्यामुळे रक्तबंबाळ दांपत्याची दृश्ये आणि पतीचा टेलिफोनवरचा कण्हता आवाज देशभर पोचला.

मिशन हिल ही इस्पितळांना लागून असलेली वस्ती. तेथील सरकारी गृहवसाहतींत प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक कुटुंबे राहत. महापौर रेमंड फ्लिन यांनी हाती असतील तेवढे गुप्त पोलीस या तपासाला जुंपण्याचा आदेश दिला. राज्यातील काही पुढाऱ्यांनी लगोलग देहदंडाची शिक्षा पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. त्यानंतरचे कित्येक दिवस मिशन हिलमधील तरुणांना रस्त्यात अडवणे, भिंतीकडे तोंड करून उभे करणे, त्यांची अंगझडती घेणे हा नित्यक्रम झाला. पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलनी केलेल्या चौकशीत भर रस्त्यात विजारी उतरवायला लावल्याच्या तक्रारींचीही नोंद झाली. प्रथम पकडले गेले ते स्वॉन्सन. त्यांना घर नव्हते आणि ते सापडले त्या खोलीत एक काळा जॉगिंग सूट मिळाला होता, एवढा पुरावा पोलिसांना पुरला. मग त्यांना बाजूला सारून पोलिसांनी बेनेट यांच्याकडे मोर्चा वळवला. वस्तीतील काही पोरसवदा मुलांकडून बेनेट यांच्याविरुद्ध जबाब मिळवण्यात आले. ते दबावाने घेतले होते, हे नंतर पुढे आले. २८ डिसेंबरला झालेल्या ओळखपरेडीत स्टुअर्टने बेनेट यांच्याकडे बोट दाखवले.

अवघ्या सहा दिवसांनी, ३ जानेवारी १९९० रोजी, स्टुअर्टच्या धाकट्या भावाने पोलिसांना खरी हकिकत सांगितली. खून स्टुअर्टनेच केला होता. स्वतःवरही त्यानेच गोळी झाडून घेतली होती. ठरल्याप्रमाणे त्या रात्री भावाने त्याच्याकडून पिस्तूल आणि दागिन्यांची पिशवी घेऊन ती नदीत फेकली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टुअर्टने टोबिन पुलावरून उडी घेऊन आत्महत्या केली. बेनेट किंवा स्वॉन्सन यांच्यावर खुनाचे आरोपपत्र कधीच ठेवले गेले नव्हते. पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून आणि पोलिसांच्या कुजबुजीतून शिक्षा मात्र केव्हाच ठोठावली गेली होती.

एका माणसाने थाप मारली आणि पोलीस फसले, एवढाच या कथेचा अर्थ असता तर तिच्यावर चौतीस वर्षांनी लिहिण्याचे कारण नव्हते. फसवणूक करणाऱ्याला नेहमी एक गोष्ट अचूक ठाऊक असते : समोरचा काय ऐकायला तयार आहे. पत्नीच्या मृत्यूच्या तपासात पहिला संशय पतीवर घ्यावा, हा गुन्हे अन्वेषणाचा प्राथमिक धडा आहे. बोस्टनच्या अनुभवी पोलिसांना तो ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? तरीही तो बाजूला पडला. कारण स्टुअर्टने रचलेल्या कथेतील खलनायक शहराच्या मनात आधीच उभा होता. स्टुअर्टला त्याला जन्म द्यावा लागला नाही. केवळ एक जॉगिंग सूट चढवावा लागला.

हा खलनायक एका दिवसात घडलेला नव्हता. १९६८ साली बोस्टनमधील बँकांच्या एका गटाने कृष्णवर्णीय कुटुंबांना घरासाठी कर्जे देण्याची योजना काढली, तेव्हा शहराच्या नकाशावर एक रेषा आखून तिच्या आत घर घेणाऱ्यालाच कर्ज मिळेल असे ठरवले. जी वस्ती पुढे ‘काळ्यांची’ म्हणून भयाने ओळखली गेली, तिच्या सीमा अशा रीतीने बँकांच्या टेबलावर ठरल्या होत्या. १९७४ साली शाळांमधील वर्णविभाजन मोडून काढण्याचा आदेश न्यायमूर्ती गॅरिटी यांनी दिला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांवर गोऱ्या वस्त्यांत दगडफेक झाली. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅसॅच्युसेट्सचेच गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध, रजेवर सुटून अत्याचार करणाऱ्या एका काळ्या कैद्याचे चित्र दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवण्यात आले. पुढच्याच वर्षी स्टुअर्टने आपली कथा सांगितली. या पार्श्वभूमीवर ती कोणाला अविश्वसनीय वाटावी?

पोलिसांना कोणी सावध केले नव्हते असेही नाही. या खुनाच्या एकच महिना आधी, सप्टेंबर १९८९ मध्ये, एका खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती कॉर्टलंड मॅथर्स यांनी रॉक्सबरी भागात टोळीवाल्यांची ‘दिसताच झडती’ घेण्याच्या पोलिसी धोरणावर कठोर ताशेरे ओढले होते. तरुण कृष्णवर्णीयांपुरता लष्करी कायदाच पुकारल्यासारखे हे आहे, असा त्या ताशेऱ्यांचा आशय होता. महिन्याभरात नेमके तेच मिशन हिलमध्ये घडले. न्यायालयाचा इशारा हवेत विरला, कारण त्यामागे संघटित लोकमताचे बळ नव्हते. ज्यांच्या झडत्या होत होत्या, त्यांच्या मतांना किंमत नव्हती. ज्यांच्या मतांना किंमत होती, त्यांच्या झडत्या होत नव्हत्या.

पोलिसांच्या बाजूने जे युक्तिवाद केले गेले, त्यांचा प्रामाणिकपणे विचार करायला हवा. पहिला युक्तिवाद असा की, वर्णन खुद्द जखमी फिर्यादीने दिले होते. पोलिसांनी त्यानुसार शोध घेतला तर त्यांचे काय चुकले? उंची, वय, आवाज, कपडे, जखम या खुणांबरोबर कातडीचा रंग ही एक खूण असू शकते, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु बाकी साऱ्या खुणा गळून पडून रंग तेवढा शिल्लक राहिला की ते वर्णन उरत नाही. ती जातवार गणना होते. घोगऱ्या आवाजाच्या विशिष्ट वयाच्या माणसाचा शोध घेणे हा तपास होय. एका वस्तीतील हाती लागेल त्या तरुणाला भिंतीशी उभे करणे हा दहशतीचा प्रयोग होय.

दुसरा युक्तिवाद असा की, बेनेट हे काही साधुपुरुष नव्हते. त्यांच्या नावावर पूर्वीचे गुन्हे होते. दुसऱ्या एका दरोड्याच्या आरोपाखाली त्यांना पुढे दीर्घ कारावासही झाला. ही वस्तुस्थिती आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण कायद्याचे राज्य म्हणतात ते याचसाठी असते की, ज्याने एक गुन्हा केला त्याच्या माथी दुसऱ्याचा गुन्हा मारला जाऊ नये. निष्कलंक माणसाचे रक्षण समाज आपल्या सद्भावनेनेही करील. कायद्याची कसोटी लागते ती कलंकित माणसाच्या बाबतीत.

तिसरा युक्तिवाद सर्वांत प्रतिष्ठित आहे आणि तो आकड्यांच्या भाषेत मांडला जातो. या वस्त्यांत गुन्ह्यांचे प्रमाण जास्त आहे. पोलिसांची साधने मर्यादित आहेत. तेव्हा जेथे गुन्हेगार सापडण्याचा संभव अधिक, तेथेच ती वापरणे शहाणपणाचे नाही काय? अर्थशास्त्रात केनेथ ॲरो आणि एडमंड फेल्प्स यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या प्रवृत्तीचे विश्लेषण केले आहे. व्यक्तीची माहिती मिळवणे खर्चाचे असते, म्हणून मालक किंवा अधिकारी तिच्या समूहाच्या सरासरीवरून तिचे मोल ठरवतो. मनात द्वेष नसतानाही अशा रीतीने अन्याय होऊ शकतो. या विश्लेषणाचा आधार घेऊन पुष्कळांनी त्या अन्यायालाच कार्यक्षमता म्हणायला सुरुवात केली. परंतु या हिशेबात एक बाजू लिहिलेलीच नसते. ज्या निरपराधांना अडवले, त्यांनी भरलेली किंमत पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकात कोठेही येत नाही. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडावे आणि नफ्याचा ताळेबंद काढताना नदीकाठच्या लोकांचे आजार जमेस धरू नयेत, तशातलाच हा प्रकार आहे. अपमानित वस्ती साक्षीदार देत नाही, खबर देत नाही, पोलिसाला दार उघडत नाही; आणि मग खरा गुन्हेगार त्याच वस्तीत निर्धास्त राहतो.

कार्यक्षमतेचा हा दावा वस्तुस्थितीवरही टिकत नाही. न्यूयॉर्कमधील अशाच झडतीसत्राविषयी न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी २०१३ साली निकाल दिला. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तेथे ४४ लाख वेळा लोकांना अडवण्यात आले. त्यांतील ५२ टक्के वेळा अडवलेली व्यक्ती कृष्णवर्णीय होती, तर शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. आणि शस्त्र सापडण्याचे प्रमाण? कृष्णवर्णीयांना अडवले तेव्हा १ टक्का, गोऱ्यांना अडवले तेव्हा १.४ टक्के. ज्यांच्यावर संशय अधिक होता, त्यांच्याकडे मिळाले मात्र कमी. रंगावरून संशय घेणे हे अनीतीचे तर आहेच, शिवाय ते वाईट पोलीसकामही आहे.

बोस्टनच्या कथेचा उत्तरार्ध याहून अधिक शिकवणारा आहे. समेटाचे पहिले पाऊल उचलले ते ना महापौरांनी, ना पोलिसांनी; ते उचलले कॅरलच्या माहेरच्या माणसांनी. मुलगी गेली, नातू गेला, आणि ज्याला जावई म्हणून घरात घेतले तोच मारेकरी निघाला. अशा वेळी कोणी स्वतःच्या दुःखात बुडून गेले असते तर त्याला नावे ठेवता आली नसती. परंतु आपल्या मुलीच्या नावाने एका संपूर्ण वस्तीला छळण्यात आले, याची जाणीव या कुटुंबाने ठेवली. सत्य बाहेर आले त्याच महिन्यात, जानेवारी १९९० मध्ये, त्यांनी कॅरलच्या नावाने एक निधी उभारला आणि त्यातून मिशन हिलमधील तरुणांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. खोट्या आरोपात या कुटुंबाचा काडीचाही वाटा नव्हता. तेही फसवले गेलेलेच होते. तरीही त्यांनी दायित्व मानले. ज्यांचा खराखुरा वाटा होता त्यांना हे तीन दशके सुचू नये, यातच सत्तेची आणि माणुसकीची तफावत दिसते.

दुसरे पाऊल पडले ते वस्तीच्या आतून. १९९० साली बोस्टनमध्ये १५२ खून झाले होते. त्यांतील बळी बहुसंख्येने याच वस्त्यांतील तरुण होते. १९९२ साली एका चर्चमध्ये अंत्यविधीची प्रार्थना चालू असतानाच तरुणांच्या एका टोळक्याने हल्ला केला, तेव्हा युजीन रिव्हर्स, जेफ्री ब्राउन आदी कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रात्री रस्त्यावर उतरून मुलांशी बोलू लागले. ‘टेन पॉइंट कोॲलिशन’ ही त्यांची संघटना. त्यांचा पोलिसांवर विश्वास नव्हता आणि पोलिसांचा त्यांच्यावर नव्हता. पण रस्त्यावर रोजची गाठ पडू लागली, आणि काही अधिकाऱ्यांनी हे जाणले की, वस्तीची साथ मिळाल्याशिवाय हे हत्यासत्र थांबणार नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी पोलीस व कार्यकर्ते यांच्या मदतीने पाहणी केली, तेव्हा असे आढळले की, तरुणांच्या खुनांपैकी किमान ६० टक्के खुनांमागे सुमारे १३०० टोळीवाल्यांची आपसांतील वैरे होती, आणि शहरातील त्या वयाच्या तरुणांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. याचा अर्थ सरळ आहे. १९८९ साली पोलिसांनी ज्यांना गुन्हेगार समजून वागवले, त्यांतील बहुतेक जण त्या हिंसेचे कर्ते नव्हते. तिच्या सावलीत जगणारे नागरिक होते.

१९९६ पासून ठरावीक टोळ्यांना समोर बसवून, हिंसा थांबवा, आम्ही मदत करू; न थांबवाल तर कायदा आपले काम करील, असे सांगण्याची पद्धत अवलंबण्यात आली. तरुणांच्या खुनांत पुढे ६३ टक्क्यांची घट झाली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. या यशाचे सारे श्रेय एकाच उपक्रमाला देता येईल काय, याविषयी वाद आहे आणि तो असू द्यावा. पण संशय जमातीवरून काढून व्यक्तीच्या कृतीवर ठेवला, तेव्हा पोलिसी काम अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारकही झाले, एवढे तरी त्यातून निर्विवाद दिसते. हा खरा समेट होता. त्यात भाषणे नव्हती. एकत्र केलेले काम होते.

दुर्दैवाने तो टिकला नाही. व्यक्ती बदलल्या, पैसा आटला आणि जुन्या सवयींनी डोके वर काढले. २००७ ते २०१० या काळातील बोस्टन पोलिसांच्याच नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अडवणूक, चौकशी व झडतीच्या नोंदींपैकी ६३ टक्के नोंदी कृष्णवर्णीयांच्या असल्याचे दिसले. शहराच्या लोकसंख्येतील त्यांचा वाटा २४ टक्के होता. समेट एकदा झाला की कायमचा झाला, असे नसते. तो नियमांत, नोंदवहीत आणि उत्तरदायित्वात रुजवावा लागतो. नाही तर चार भल्या माणसांबरोबर तो निवृत्त होतो.

उत्तरदायित्वाच्या बाबतीत बोस्टनचा इतिहास फारसा स्पृहणीय नाही. १९९० च्या अखेरीस राज्याच्या ॲटर्नी जनरलनी पोलिसांच्या घटनाबाह्य झडत्यांवर ठपका ठेवला. १९९१ साली केंद्र सरकारच्या वकिलांनी साक्षीदारांवर दबाव आणल्याचा पुरावा असल्याचे मान्य करूनही, खटला उभा राहण्याइतका तो नाही असे ठरवले. १९९२ च्या सेंट क्लेअर समितीने खात्याच्या कारभारावर बोट ठेवले. एवढे सारे होऊन त्या रात्रींबद्दल एकाही पोलिसावर खटला भरला गेला नाही. बेनेट कुटुंबाच्या घरात घुसून केलेल्या झडतीबद्दलचा दावा १९९५ साली मिटला तो १२,५०० डॉलरांवर. पुढे २०२५ साली शहराने बेनेट आणि स्वॉन्सन यांना मिळून दीड लाख डॉलर देण्याचे मान्य केले. चौतीस वर्षांच्या बदनामीला वाटून पाहिले तर ही रक्कम किती भरते, ते वाचकांनीच ठरवावे.

वृत्तपत्रांनाही या प्रकरणात आपली सुटका करून घेता येणार नाही. १९८९ साली पोलिसांनी पुरवलेली प्रत्येक कुजबूज त्यांनी बातमी म्हणून छापली. सुंदर, सुखवस्तू दांपत्यावर रानटी माणसाचा घाला, असे चित्र त्यांनी रंगवले. त्याच महिन्यांत मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांना आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या. २०२३ साली ‘बोस्टन ग्लोब’ने हे सारे प्रकरण पुन्हा खणून काढले, तेव्हा स्टुअर्टने उडी घेण्यापूर्वी निदान ३३ माणसांना सत्याची कल्पना होती, असे निष्पन्न झाले. हे शोधकार्य गौरवास्पद आहे आणि महापौरांची माफी त्याच्याच पाठोपाठ आली. परंतु हीच चिकाटी १९८९ च्या नोव्हेंबरात दाखवली गेली असती तर माफीची वेळच आली नसती, हेही म्हटले पाहिजे.

मग ही माफी निरर्थक होती काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. झाले ते वर्णद्वेषी आणि अन्याय्य होते, असे शहराच्या प्रमुखाने निःसंदिग्ध शब्दांत म्हणणे याला मोल आहे. त्या वेळचे पोलीस आयुक्त मायकेल कॉक्स यांनीही माफी मागितली, आणि त्यांचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना त्यातील मर्म कळावे. १९९५ साली साध्या वेशात एका गुन्हेगाराचा पाठलाग करीत असताना या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी गुन्हेगार समजून अमानुष मारहाण केली होती. खात्याचा बिल्ला असूनही ज्याची कातडी आधी दिसली, त्याने खात्याच्या वतीने क्षमा मागावी, यात नियतीचा उपरोध आहे आणि एक आशाही आहे. मात्र एक भेद ध्यानात ठेवायला हवा. माफी मागणे हे सत्तेचे कर्तव्य आहे. क्षमा करणे हे पीडितांचे कर्तव्य नव्हे. समेट म्हणजे दुखावलेल्याने विसरून जाणे, अशी सोयीची व्याख्या नेहमीच केली जाते. सत्याची नोंद, दोषींचे उत्तरदायित्व, नियमांतील बदल आणि हानीची भरपाई या चार गोष्टींवाचूनची माफी ही वटण्याची खात्री नसलेली हुंडी होय. बोस्टनने पहिली गोष्ट उशिरा केली, चौथी अल्प केली, तिसरी अर्धवट केली आणि दुसरी केलीच नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने ही हकिकत परक्या देशाची म्हणून बाजूला ठेवू नये. १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तेथील काळ्यांची बेडी आणि येथील शूद्रातिशूद्रांची बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्यांनी ओळखले होते. शतकभराने, १९७२ साली, महाराष्ट्रातील तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव अमेरिकेतील काळ्या चळवळीवरूनच घेतले. आणि फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेच्या दोनच वर्षे आधी, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यान्वये संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेरी, परवाना आणि पहाऱ्यातील वसाहती त्यांच्या नशिबी आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; मुंबई राज्याचा १९५९ साली झाला. कायद्याच्या पुस्तकातून जमात खोडली गेली तरी ठाणेदाराच्या मनातून ती खोडली गेली नाही. गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर धाड पडते, हे कोणाला ठाऊक नाही? मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग-नियमावलीतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि या जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये याची दक्षता घेण्यास पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे बजावावे लागले. बोस्टनच्या चौतीस वर्षांना नावे ठेवण्यापूर्वी हा आकडा समोर ठेवलेला बरा.

न्यायालयाचा आदेश हा इशारा असतो. मॅथर्स यांच्या निकालाचे काय झाले ते वर आलेच आहे. तो अमलात यावयाचा असेल तर जिल्ह्याजिल्ह्यांतून किती पारधी, किती कैकाडी, किती वडार केवळ संशयावरून उचलले गेले आणि त्यांपैकी कितींवर गुन्हा शाबीत झाला, याचे आकडे सरकारला दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवायला लावले पाहिजेत. ज्यांना नाहक डांबले त्यांना भरपाई आणि ज्यांनी डांबले त्यांना जाब, ही मागणी सभांतून आणि सभागृहातून लावून धरली पाहिजे. हे काम पालावरच्या एकट्यादुकट्याचे नव्हे. ज्यांच्या दारावर अपरात्री पोलिसाची काठी कधी वाजलेली नाही, त्यांनी ते अंगावर घ्यायचे आहे. कॅरलच्या आईवडिलांनी ते भर दुःखात घेतले होते, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नव्हती.